'ताई, तेवढा रुमाल काढून द्या'

पुण्यातल्या एका खासगी न्यासाच्या दफ्तरखान्यात बारा वर्षं काम करणाऱ्या वाचक भगिनीचं हे पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि पत्र बरंच आटोपतं घेतलं आहे.

"इतिहासात एम.ए., मोडीचं प्रमाणपत्र आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली पदविका, एवढी माझी शिदोरी. कागद साफ करणं, डागडुजी, सूची लिहिणं यात मी रमते. अजून साडेतीनशे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सूचीविना पडून आहेत. वर्षापूर्वी विश्वस्त बदलले. नव्या मंडळींना संस्था लोकाभिमुख करायची आहे. आठवड्यातून तीन दिवस वाचनकक्षात बसा आणि महिन्यातून दोनदा कॉलेजच्या मुलांचे वर्ग घ्या, असा मला हुकूम झाला. पहिल्या वर्गाला चाळीस मुलं आली. मोडीचा उगम, अक्षरांची वळणं, पेशवे दफ्तराची रचना यावर मी दीड तास बोलले. मुलं मोबाइलमध्ये. शेवटी सगळ्यांनी मोडीत सही कशी करायची तेवढं विचारलं, फोटो काढले आणि गेली. वाचनकक्षात प्राध्यापक मंडळी आल्या आल्या 'ताई, तेवढा रुमाल काढून द्या' म्हणतात. मी चार-चार दिवस शोधून दिलेल्या कागदांवर त्यांचे लेख होतात, त्यात माझा उल्लेखही नसतो. कुणी व्हॉट्सॲपवर फोटो मागतं. कुणी घराण्याची नोंद शोधायला येतं आणि सापडली नाही की माझ्यावरच चिडतं. मी शिक्षिका नाही, माझी पीएच.डी. नाही. एक मैत्रीण म्हणते, पीएच.डी. कर आणि कॉलेजात लाग, इथे तू शिपाईच राहशील. एका कॉलेजातून तासिका तत्त्वावर विचारणाही झाली आहे. मी काय करू? मला माझे कागद आणि माझी शांतता परत हवी आहे."

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा ते एकाच तक्रारीचं वाटलं, दुसऱ्यांदा त्यात तीन दिसल्या. काम वाढलं पण हात वाढले नाहीत, ही एक. लोक मान देत नाहीत, ही दुसरी. आणि हे आपल्याला जमत नाही, ही तिसरी. ती तुम्ही सर्वांत हळू आवाजात सांगितली आहे आणि मला तीच सर्वांत खरी वाटते. तिघींवरचे इलाज वेगवेगळे आहेत. पहिलीचा इलाज विश्वस्तांकडे आहे, दुसरीचा बराचसा तुमच्या टेबलावर. तिसरीसाठी नोकरी सोडायची गरज नाही, वर्ग घेण्याची रीत बदलायला हवी. तुम्ही मात्र तिन्हींचा राग एकत्र करून पीएच.डी.चा फॉर्म भरायला निघाला आहात.

मी स्वतः कागदांच्या राखणदारांपैकी नव्हे. माझी बरीच वर्षं वाचनकक्षात टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे मागणाऱ्यांच्या रांगेत गेली आहेत. त्यामुळे पुढचं सगळं त्या बाजूचं आहे, हे धरून वाचा.

'माझे कागद' या शब्दांपाशी थोडं थांबू या. रुमाल, सूची, वाळवी, आम्लाने खराब झालेला कागद हे खरं काम आणि वाचक म्हणजे त्यातला व्यत्यय, असं तुम्ही धरून चालला आहात. यात तुम्ही एकट्या नाही. इंग्लंडचे हिलरी जेन्किन्सन यांनी १९२२ साली हेच मांडलं होतं की अभिलेखपालाचं पहिलं कर्तव्य कागदाशी आणि अभ्यासकाची सोय त्यानंतर. पुढे कितीतरी वर्षं जगभर हाच धडा गिरवला गेला. त्यात तथ्य आहेच. कागदच उरला नाही तर वाचकाला काय द्यायचं?

पण आपल्याच गावातलं उदाहरण बघा. १८१८ नंतर पेशव्यांचं दफ्तर इंग्रजांनी ताब्यात घेतलं. नंतर इनाम कमिशनने ते उलटंपालटं केलं, कारण कुणाचं इनाम खरं आणि कुणाचं काढून घेता येईल हे सरकारला ठरवायचं होतं. कागद सांभाळला गेला, नीट बांधला गेला, पण इतिहासाच्या अभ्यासकांना तो सहजासहजी पाहायला मिळत नव्हता. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून वाड्यांच्या माळ्यांवरून कागद गोळा करत होते, त्यामागे हेही एक कारण होतं. १९१० साली त्यांनी आणि मेहेंदळ्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. पुण्याचं सरकारी दफ्तर खऱ्या अर्थाने बोलू लागलं ते इतिहासकार गो. स. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातून निवडून ४५ खंड छापले तेव्हा.

तुमच्यासाठी महत्त्वाची गोष्ट याच्या पुढची आहे. ते ४५ खंड म्हणजे दफ्तर नव्हे. ती निवड आहे, आणि निवडीत राजकारणाला झुकतं माप आहे. हिशेबांचे ढीग, गावांचे झाडे (तपशीलवार हिशेब), रोजचे खर्च हे बरंचसं रुमालांतच राहिलं. आज एखादा विद्यार्थी छापील खंड चाळतो आणि आपण पेशवाई पाहिली असं समजतो. त्याच्या प्राध्यापकांचंही कधीकधी तेवढ्यावरच भागतं. छापलेल्याच्या मागे काय राहिलं, का राहिलं आणि कुठे बांधून ठेवलं आहे, हे रुमाल सोडणाऱ्या माणसाला ठाऊक असतं. बारा वर्षांत तुमच्या हातांना हे इतकं सवयीचं झालं आहे की ते ज्ञान आहे असं तुम्हालाच वाटेनासं झालंय.

एलिझाबेथ येकेल आणि डेबोरा टॉरेस या दोन अमेरिकन अभ्यासिकांनी २००३ साली याची छान फोड केली. कागदपत्रांवर काम करणाऱ्याला तीन तऱ्हेची जाण लागते, असं त्या म्हणतात. विषयाची जाण. समोरचा कागद कागद म्हणून वाचण्याची जाण. आणि दफ्तरखाना कसा चालतो, तिथे गोष्टी कशा रचलेल्या असतात, प्रश्न कसा विचारायचा याची जाण. पहिलीत प्राध्यापक तुमच्या पुढे असतील. दुसरीत तुम्ही बरोबरीच्या असाल. तिसरीत ते कोरे असतात आणि कोरे आहोत हे त्यांना कळतही नाही.

समजा एक मुलगी येते आणि म्हणते, "मला पेशवाईतल्या स्त्रियांवर काहीतरी हवंय." असा रुमाल कुठेच नसतो. दफ्तर विषयवार लावलेलं नसतं, ते लिहिणाऱ्या कचेरीप्रमाणे लागलेलं असतं, आणि विभागांची नावं असतात रोजकीर्द, घडणी, शाहू दफ्तर, प्रांत अजमास अशी. तिला "तसं काही नाही आमच्याकडे" म्हणून वाटेला लावता येतं. किंवा तिला उलट विचारता येतं, की बाईबद्दल कागद कोण लिहील आणि कशासाठी? पैसे दिले म्हणून खर्चात नोंद होईल. नवरा वारला आणि इनाम तिच्या नावे चाललं तर सनदेत येईल. वाटणीवरून भांडण झालं तर निवाड्यात. कुणबीण, म्हणजे दासी, विकत घेतली तर हिशेबात, तेही बहुधा किमतीसकट. पंधरा मिनिटांचं हे बोलणं त्या मुलीचे सहा महिने वाचवतं. आणि ती उठते तेव्हा आपला प्रश्नच बदलून उठते. याला शिकवणं नाही तर काय म्हणायचं?

भारत इतिहास संशोधक मंडळात ज्यांनी हयात घालवली त्या ग. ह. खऱ्यांनी नवख्या अभ्यासकांसाठी एक हातपुस्तक लिहिलं, त्याचं नाव 'संशोधकाचा मित्र'. कागदांमध्ये वावरणाऱ्या माणसाने वाचकाकडे कसं पाहावं ते त्या शीर्षकात आलंच आहे.

आता तुमचा तो फसलेला वर्ग. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुम्ही त्याचा अर्थ 'मला शिकवता येत नाही' असा लावलात. मला वेगळं दिसतं. चाळीस मुलांपुढे दीड तास व्याख्यान देऊन मोडीचा उगम सांगितला, तर माझ्या ओळखीतले निष्णात प्राध्यापकही आपटतील. उगमाची माहिती मुलांना घरी बसून मिळते. तुमच्याकडे कागद आहे, जो त्यांना दुसरीकडे मिळत नाही.

मुलांची संख्या आधी ठरवा. पंधराच्या वर नको. चाळीस असतील तर तीन तुकड्या करून वेगवेगळ्या दिवशी बोलवा. प्रत्येक टेबलावर पाच मुलं, एक अस्सल कागद आणि त्याच्या दोन मोठ्या, स्वच्छ छायाप्रती. हात धुऊन कोरडे करायचे, शाई-पेन बाहेर, फक्त पेन्सिल. हातमोजे लागतील का असं मुलं हमखास विचारतात, सिनेमात पाहिलेलं असतं. कागदाला स्वच्छ कोरडे हातच बरे, मोजे जुने फोटो हाताळताना, हे सांगायला दोन मिनिटं द्या. त्या दोन मिनिटांत कागदाबद्दलचा आदर आपोआप बसतो.

वाचायला सांगू नका. आधी नुसतं बघायला सांगा. घड्या कुठे पडल्यात? वर किती जागा कोरी सोडली आहे? शिक्का कुठे आहे? अक्षर सगळीकडे एकाच हाताचं आहे का? बऱ्याच पत्रांत मजकूर कारकुनाचा असतो आणि शेवटची ओळ धन्याच्या हातची. वळण बदललेलं मोडी न येणाऱ्यालाही दिसतं. मुलांना सही शिकायची होती ना? त्यावर नाराज होऊ नका, तिथूनच आत शिरा. ही शेवटची ओळ दाखवा आणि विचारा, एवढा मोठा माणूस, त्याने सगळं पत्र स्वतः का लिहिलं नाही, आणि मग एवढी एकच ओळ का लिहिली?

मग तारीख. हा माझा आवडता खेळ आहे आणि तुम्हाला तो झोपेतही येत असणार. तारखेत 'छ' दिसला की तो चंद्र, त्यापुढचा आकडा चांद्र दिवसाचा, त्यापुढे मुसलमानी महिना. इथपर्यंत मुलं चक्रावतात. मग वर्ष येतं: 'इहिदे सितैन मया व अलफ'. फळ्यावर चारच शब्दांचे अर्थ लिहून द्या. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. बेरीज त्यांना करू द्या. ११६१ येतील. हे शुहूर सन, म्हणजे पेशवाईतल्या कागदांत चालणारं वर्ष, मृग लागला की बदलणारं, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. कागद पौष-माघातला असेल तर वर्ष निघतं १७६१. मग काही बोलू नका. पंधरातली दोन-तीन मुलं मान वर करतात, कारण मराठी घरात वाढलेल्याला १७६१चा जानेवारी सांगावा लागत नाही. कागद पानिपताचा असण्याची गरज नाही. कोकणातल्या एखाद्या गावच्या नारळांचा हिशेब असला तर जास्तच चांगलं. पानिपतावर तसं घडत होतं आणि इथे कुणीतरी नारळ मोजत होतं, हे मुलांचं त्यांनाच सुचतं. तुम्ही व्याख्यानात सांगितलं असतं तर त्यांनी जांभई दिली असती.

शेवटचा प्रश्न: हा कागद कुणी जपून ठेवला आणि का? इथे तुम्ही पाच मिनिटं बोला. इनाम कमिशनची गोष्ट इथे सांगा. आपल्या न्यासाकडे हा रुमाल कुठून आला तेही सांगा, माहीत असेल तेवढं. सगळं मिळून तासाभरात संपवा.

वर्गाआधी प्राध्यापकांशी बोलणं झालंच पाहिजे. कुठल्या सत्रात, कुठल्या पेपरसाठी मुलं येताहेत? परत गेल्यावर त्यांना काही लिहायचं आहे का? नसेल तर ती सहल आहे. सहलीला माझी हरकत नाही, पण तिच्यासाठी तुमचा दिवस घालवू नका. त्यांना प्रदर्शनाच्या कपाटांपाशी फिरवून आणा आणि मोकळं करा.

आणि ते साडेतीनशे रुमाल? ते वर्गांमुळे अडलेत असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं, वर्गांमुळेच ते सुटू शकतील. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमात 'ऑन जॉब ट्रेनिंग'चे क्रेडिट आले आहेत आणि इतिहास विभागांना मुलांना कुठे पाठवावं हा प्रश्न पडलेला असतो. मोडीचा वर्ग केलेली दोन मुलं एका सत्रासाठी मागून घ्या. एकेका कागदाची सूची त्यांच्याकडून करून घ्यायला जाऊ नका, तपासण्यातच तुमचा जीव जाईल. रुमालवार मोघम यादी करून घ्या: गाव किंवा परगणा, पहिलं आणि शेवटचं वर्ष, कागदांचे प्रकार, अवस्था. एका रुमालाला एक ओळ. ही यादी अपुरी असते हे मान्य. पण साडेतीनशे रुमालांची अपुरी यादी ही चाळीस रुमालांच्या परिपूर्ण सूचीपेक्षा वाचकाच्या जास्त उपयोगाची, हे मी मागणाऱ्यांच्या बाजूने ठासून सांगते. तुमच्यासारख्या काटेकोर माणसाला हे पचायला जड जाईल. जाऊ दे.

आता मानाकडे. त्या प्राध्यापकांच्या वाक्यात तुम्हाला 'ताई' खटकत नसावं, पुण्यात सगळेच ताई असतात. खटकतं ते 'तेवढा' आणि 'काढून द्या'. जणू रुमाल फळीवर होता आणि तुम्ही हात लांब केलात. याला माझं उत्तर जरा कोरडं आहे. ज्याचा हिशेब ठेवलेला नाही ते काम कुणाला दिसत नाही, आणि हिशेब कसे ठेवावेत हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. वाचनकक्षात एक वही उघडा. कोण आलं, काय मागितलं, कुठे कुठे शोधलं, किती वेळ गेला, काय मिळालं, काय मिळालं नाही. मागणी वाचकाच्याच शब्दांत लिहा. 'पेशवाईतल्या स्त्रिया', 'आमच्या गावची यात्रा', 'पाऊस न पडलेली वर्षं' हे शब्द पुढे तुमच्या सूचीत विषय म्हणून घालता येतील. ही वही विश्वस्तांपुढे ठेवायलाही उपयोगी पडेल, त्याकडे येतेच.

प्रत्येक वाचकाला कागदासोबत एक छापील चिठ्ठी द्या. संदर्भ असा द्यावा: संस्था, संग्रह, रुमाल क्रमांक, पुडके क्रमांक, कागद क्रमांक. खाली एक ओळ, लेख छापून आल्यावर एक प्रत न्यासाला द्यावी. ऋणनिर्देशाची अपेक्षा असेल तर ती तोंडाने बोलून दाखवा, आधी. पुणेरी माणसाला हे अवघड जाऊ नये. आणि इथे एक फरक करा. रुमाल शोधून देणं हे तुमचं काम आहे, त्यासाठी पगार आहे, आभार मानले तर चांगलंच. पण कागद वाचून देणं, लिप्यंतर करणं, तारीख लावून देणं, 'हा कागद त्या कागदाचं उत्तर आहे' हे दाखवून देणं, ही संशोधनातली भागीदारी आहे. हे करण्याआधी समोरच्याला विचारा: यात माझं नाव सहलेखक म्हणून येईल का? नाही म्हणाले तर मोडी वाचकांची यादी हातात ठेवा. पुण्यात मोडी वाचून देणारे पुष्कळ आहेत आणि ते रास्त पैसे घेतात.

व्हॉट्सॲपची मागणी सोपी आहे. तुमच्या खासगी फोनवरून एकही कागद जाता कामा नये. अर्ज, शुल्क, संस्थेचा ईमेल. विश्वस्तांच्या ओळखीच्या माणसालाही तोच नियम, आणि तो भिंतीवर विश्वस्तांच्याच सहीने लागलेला असावा.

घराण्याची नोंद शोधायला येणाऱ्यांबद्दल तुम्ही फटकन लिहून गेलात, म्हणून थोडं. २०२३पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे राज्यभर मोडी कागदांकडे माणसं वळली. त्यातल्या बऱ्याच जणांनी याआधी कधी दफ्तरखान्याची पायरी चढलेली नसते. त्यांच्या मुलाचा प्रवेश किंवा नोकरी त्या एका ओळीवर अडलेली असते. अभ्यासकाचा कागद हुकला तर फार तर लेख राहतो. चिडणाऱ्याचं चिडणं त्या अंगाने पाहा. त्यांना सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगा. हा खासगी संग्रह आहे आणि इथल्या प्रतीला सरकारी प्रमाणित प्रतीचं वजन असेलच असं नाही. महसुली आणि जन्म-मृत्यूच्या नोंदींसाठी तहसील कचेरी किंवा सरकारी पुराभिलेखागाराचा रस्ता धरावा. आणि शोधून सापडलं नाही तर तोंडी 'नाही' म्हणू नका. कुठले रुमाल पाहिले ते लिहून द्या. माणूस निराश होतो, पण फसवलं गेल्यासारखं वाटून जात नाही. नोंद ग्राह्य की अग्राह्य यावर मात्र चकार शब्द काढू नका, ते तुमचं काम नव्हे.

विश्वस्तांशी बोलताना 'मला जमत नाही' हे वाक्य घरी ठेवून जा. तीन महिन्यांची ती वही न्या. आठवड्यातून तीन दिवस वाचनकक्ष आणि दोन वर्ग हे एका माणसाच्या अंगावर टाकणं मला चुकीचं वाटतं. दोन ठरलेले दिवस, तेही वेळ घेऊन येणाऱ्यांसाठी, आणि महिन्याला एक वर्ग, एवढं मागा. बदल्यात मोघम यादी किती पुढे सरकेल ते सांगा. मदतनीस मागा, नाहीच मिळाला तर प्रशिक्षणार्थी मुलांचं मानधन मागा. राष्ट्रीय अभिलेखागाराचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम असतात, त्यापैकी एकाला पाठवण्याचा खर्च मागा. आणि पदनाम कागदावर मागा. तुमच्या नेमणूकपत्रात अजून 'कार्यालयीन सहायक' असं काही असेल तर मला नवल वाटणार नाही. लोकाभिमुख व्हायचं असेल तर लोकांच्या तोंडासमोर बसलेल्या माणसाला 'अभिलेखपाल' म्हणायला विश्वस्तांची हरकत नसावी.

आता मैत्रिणीचा सल्ला. पीएच.डी. केली की कॉलेजात नोकरी, हे गणित आता तसं राहिलेलं नाही. १ जुलै २०२३पासून सहायक प्राध्यापकासाठी नेट, सेट किंवा स्लेट ही पात्रता परीक्षा किमान अट आहे आणि पीएच.डी. ऐच्छिक. म्हणजे कॉलेजातच जायचं असेल तर आधी सेट द्या, आपलंच विद्यापीठ ती घेतं. तासिका तत्त्वावरची जागा म्हणजे तासांप्रमाणे पैसे, सुट्टीत काही नाही आणि पुढच्या वर्षीचा भरवसा नाही. बारा वर्षांची कायम नोकरी सोडून तिथे जावं असं मी तुम्हाला सांगणार नाही. तिथेही चाळीस नव्हे, ऐंशी मुलं असतात आणि त्यांच्याही हातात मोबाइल असतो. हात धरून अस्सल कागद दाखवायची सोय मात्र तिथे नसते. हवं तर विश्वस्तांची परवानगी काढून आठवड्यातून दोन तास घ्या आणि आवडतं का ते बघा.

मान मिळावा म्हणून पीएच.डी. करू नका. 'डॉक्टर ताई, तेवढा रुमाल काढून द्या' असं म्हणायला लोक कचरणार नाहीत. पण तुमच्या मनात एखादा प्रश्न ठाण मांडून बसला असेल तर जरूर करा. माझा अंदाज आहे की तो असणार. न्यासाकडचा हा संग्रह कुणी जमवला, कुणाच्या वाड्यातून काय आलं, वाटेत काय गहाळ झालं, रुमालांची बांधणी कधी बदलली, हे तुमच्याखेरीज कुणाला सांगता येईल? मराठीत यावर लिहिलेलं फार थोडं आहे. सुरुवात प्रबंधाने करायची गरज नाही. एकाच रुमालावर आठ-दहा पानांचं टिपण लिहा आणि मंडळाच्या त्रैमासिकासारख्या ठिकाणी पाठवा.

हे पत्र ग्रंथालयातल्या, संग्रहालयातल्या, देवस्थानच्या किंवा नगरपालिकेच्या अभिलेखकक्षातल्या इतर कुणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी एवढंच सांगते. वरच्यापैकी वही आणि संदर्भाची चिठ्ठी या दोन गोष्टींना कुणाची परवानगी लागत नाही.

आणि हे सगळं करूनही शिकवणं नकोसंच वाटलं तर? तसंही होऊ शकतं आणि त्यात कमीपणा नाही. मोठ्या अभिलेखागारांत जतन करणारा, सूची करणारा आणि वाचकांना भेटणारा माणूस वेगवेगळा असतो. आपल्याकडच्या संस्थांत सगळं एकाच्या गळ्यात पडतं. दिवाळीपर्यंत नव्या पद्धतीने वर्ग घेऊन पाहा. तरीही त्या दिवशी सकाळी पोटात गोळा येत असेल, तर विश्वस्तांना स्पष्ट सांगा की वर्गांसाठी दुसरा माणूस नेमा, मी त्याला तयार करते. वाचनकक्ष मात्र सोडू नका. एका वेळी एक माणूस आणि एक प्रश्न, हे तुमच्या स्वभावाला मानवेल असं तुमच्या पत्रावरून वाटतं.

पुढचा वर्ग कधी आहे ते तुम्ही लिहिलं नाही. जेव्हा असेल तेव्हा, त्या प्राध्यापकांना या आठवड्यातच फोन करा आणि पंधराच मुलं आणा म्हणून सांगा. ते कुरकुर करतील, बसचं भाडं परवडत नाही म्हणतील. तरी पंधराच.